द्राक्षबागेतला पीएच मीटर समुद्रात का चालत नाही?

जर्मनीतल्या पॉट्सडॅम हवामान संशोधन संस्थेच्या अहवालाची बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये सगळीकडे झळकली. पृथ्वीच्या आरोग्याच्या नऊ मर्यादांपैकी सातवी ओलांडली गेली आणि ती समुद्राच्या आम्लतेची आहे, असं त्यात म्हटलं होतं. अशा बातम्यांच्या पोटात नेहमी एक आकडा असतो: औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून आजवर समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे.

निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला हा आकडा वाचून हसू येणं साहजिक आहे. जीएची, म्हणजे द्राक्षावर मारायच्या जिबरेलिक आम्लाची, फवारणी करण्याआधी पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आसपास आणायचा असतो, त्यामुळे इकडे कित्येक बागायतदारांच्या खिशात पेनासारखा पीएच मीटर सापडतो. त्याचा अनुभव असलेल्या कुणालाही विचारा. तोच मीटर त्याच बादलीत दोनदा बुडवला तरी शून्य पूर्णांक एकचा फरक येतो. तेवढ्यासाठी एवढा गाजावाजा?

शंका रास्त आहे. मुळात समुद्राचा पीएच इतक्या बारकाईने मोजता येतो, हेच शास्त्रज्ञांना अनेक दशकं खात्रीने म्हणता येत नव्हतं. ते कसं जमू लागलं, ते पाहू.

पीएच नेमकं काय सांगतो

पीएच, म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात ज्याला ‘सामू’ म्हणतात तो, पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं प्रमाण सांगतो. आयन म्हणजे विद्युतभार असलेला कण. हायड्रोजनचे आयन जितके जास्त, तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं आणि पीएच तितका कमी. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेनसन यांनी १९०९ मध्ये ही पट्टी मांडली. आयनांचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की ते लिहिताना दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग लागते. ती टाळायला त्यांनी लॉगॅरिदम वापरला. त्यामुळे पीएच एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयन दहापट होतात.

सूक्ष्म म्हणजे किती? एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच पाण्यात हायड्रोजन आयन असतात सुमारे एका ग्रॅमचे आठ अब्जांश. मोजायचे आहेत ते हे आठ अब्जांश. खरं तर त्यांच्यात होणारा बदल.

शून्य पूर्णांक एक म्हणजे काहीच नाही?

लॉगॅरिदमची पट्टी फसवी असते. ८.२ वरून ८.१ म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्क्यांची वाढ. दुधाचा भाव पावपट वाढला तर त्याला कुणी ‘शून्य पूर्णांक एक’ म्हणणार नाही.

ही वाढ येते कुठून? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधीच्या दशलक्षात सुमारे २८० भागांवरून आता ४२० च्या वर गेला आहे. माणूस दरवर्षी हवेत सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो. तो पाण्यात विरघळला की कार्बॉनिक आम्ल तयार होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटे होतात.

पण सुटे झालेले बहुतेक आयन समुद्र लगेच पकडून ठेवतो. आपल्याकडे बोअरवेलच्या पाण्यात आम्ल टाकत राहिलं तरी पीएच सुरुवातीला हट्टाने वरच राहतो, हे फवारणी करणाऱ्यांना माहीत आहे. कारण त्यातले बायकार्बोनेट आम्ल गिळून टाकतात. समुद्रात हेच काम मुख्यतः कार्बोनेट करतो. तो हायड्रोजन आयन पकडून स्वतः बायकार्बोनेट होतो. म्हणून पीएच थोडाच हलतो, पण त्या बदल्यात कार्बोनेट खर्ची पडतो. शंख, शिंपले, प्रवाळ यांची घरं कॅल्शियम कार्बोनेटची असतात. त्यांच्या दृष्टीने खरी बातमी पीएचच्या आकड्यामागे घटत जाणाऱ्या या कार्बोनेटची आहे.

८.१ म्हणजे तर अल्कधर्मी. मग आम्लीकरण कसलं?

बरोबर. सातच्या वर म्हणजे अल्कधर्मी, आणि भर समुद्र नजीकच्या काळात सातच्या खाली जाईल असं कुणी म्हणत नाही. ‘आम्लीकरण’ हा शब्द दिशा सांगतो. मे महिन्यात ४२ अंशांवरून पारा ३९ वर आला की आपण ‘तापमान उतरलं’ म्हणतो, थंडी पडली असं म्हणत नाही.

पेन मीटरची अडचण

काचेच्या टोकाच्या ज्या मीटरने आपण पीएच मोजतो, त्याची जन्मकथा नाशिककरांना आवडेल. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजताना अडचण येत होती. रसात सल्फर डायऑक्साइड असल्यामुळे त्या वेळच्या रंगाच्या कसोट्या फसत. तिथल्या रसायनतज्ज्ञाने आपल्या जुन्या सहाध्यायाला, आर्नल्ड बेकमन यांना, विचारलं. त्यांनी १९३४ मध्ये काचेचा इलेक्ट्रोड आणि व्हॅक्यूम ट्यूब जोडून यंत्र तयार केलं. म्हणजे पीएच मीटर हे मुळात फळबागायतीचंच अपत्य. वायनरीत द्राक्षरस तपासायला ते उत्तम आहे, फवारणीला तर गरजेपेक्षा जास्तच.

काचेच्या पातळ पडद्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हायड्रोजन आयनांमधल्या फरकाने थोडा विद्युतदाब तयार होतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच एका अंकाने बदलला की तो सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. आता हिशेब करा. भर समुद्रात पीएच वर्षाला साधारण ०.००२ ने घसरतो आहे. मीटरवर हा फरक येतो जेमतेम एक दशांश मिलिव्होल्ट. साध्या पेन मीटरची अचूकता अधिक-उणे ०.१, म्हणजे समुद्रातला पन्नास वर्षांचा बदल त्याच्या चुकीच्या पोटात मावतो. लासलगावच्या भुईकाट्यावर कांद्याचा ट्रॅक्टर तोलतात त्यावर अंगठी ठेवून तिचं सोनं किती झिजलं हे विचारण्यातला हा प्रकार. भुईकाटा खोटा नाही, तो त्या कामाचा नाही.

महागडा मीटर घेतला तर? दशांशानंतरची घरं वाढतील, पण आणखी एक खोट उरते. मीटर आपण बाजारात मिळणाऱ्या ४, ७, १० च्या बफर द्रावणांत जुळवतो. बफर म्हणजे ठरलेल्या पीएचचं, तो सहज न सोडणारं द्रावण. ही द्रावणं बऱ्यापैकी गोड्या पाण्यासारखी असतात आणि समुद्राचं पाणी त्यांच्या कितीतरी पट खारं. मीटरच्या आतल्या क्षाराचं द्रावण एका सच्छिद्र बुचातून बाहेरच्या पाण्याला भेटतं, आणि त्या भेटीच्या जागीही थोडा विद्युतदाब तयार होतो. पाणी किती खारं यावर तो बदलतो. बफरमध्ये एक, समुद्रात दुसरा. मीटरला हा फरक कळत नाही, तो त्यालाही पीएच समजून दाखवतो. काट्याचा पासंग तपासायचा एका पाटावर आणि माल तोलायचा दुसऱ्यावर, असं झालं. त्यामुळे चुकीचा आकडाही ठाम आणि स्थिर दिसतो.

यावर उतारा म्हणजे बफरच समुद्राच्या पाण्यासारखा खारा करायचा. ‘ट्रिस’ नावाचं रसायन कृत्रिम समुद्रपाण्यात मिसळून असं द्रावण बनवतात. २५ अंशांना त्याचा पीएच सुमारे ८.०९ असतो, म्हणजे प्रत्यक्ष समुद्राच्या अगदी शेजारी.

एकच बादली, दोन उत्तरं, दोन्ही खरी

इथून पुढचा भाग मला या विषयातला सगळ्यात मजेदार वाटतो.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि ते काही हायड्रोजन आयन स्वतःला चिकटवून ठेवतं. हे चिकटलेले आयन मोजायचे की सोडून द्यायचे? मोजले तर एक पट्टी, तिला ‘टोटल’ म्हणतात. फक्त मोकळे मोजले तर दुसरी, ‘फ्री’. दोन्हींतला फरक सुमारे ०.१. साध्या बफरांवर आधारलेली जुनी पट्टी आणखी वेगळी. तिच्यावरचा आकडाही ‘टोटल’पेक्षा मोठा येतो, फरक ०.१ हून थोडा जास्तच.

म्हणजे एकाच बादलीतलं पाणी एका प्रयोगशाळेत ८.१ आणि दुसरीत ८.२ भरू शकतं, आणि दोघांनीही चूक केलेली नसते. औद्योगिक काळापासूनचा अख्खा बदलही तेवढाच आहे! जुनी नोंद एका पट्टीवरची, नवी दुसऱ्या पट्टीवरची आणि मध्ये एक रेषा ओढलेली, असा आलेख कुणी पुढे केला तर त्यातून काहीही सिद्ध करता येतं. समुद्राचं आम्लीकरण झालंच नाही असंही, आणि ते दुपटीने झालं असंही.

तापमानाचंही तसंच. समुद्राचं पाणी एका अंशाने तापलं की त्याचा पीएच सुमारे ०.०१५ ने उतरतो. बोटीवर २८ अंशांना भरलेली बाटली वातानुकूलित खोलीत २२ अंशांना मोजली तर पीएच जवळजवळ ०.०९ ने चढलेला दिसेल, पाण्याला काहीही झालेलं नसताना. म्हणून पट्टी आणि तापमान न लिहिलेला समुद्राचा पीएच मी तरी फारसा मनावर घेत नाही. एकक न सांगता नुसता ‘पाच’ म्हणावं तसा तो आकडा.

यंत्र नव्हे, रंग

बेकमन यांनी रंगाची कसोटी बाजूला सारून काच आणली होती. समुद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञ पुन्हा रंगाकडे वळले.

शाळेतला लिटमस आठवतो ना, तो एक दर्शक. समुद्रासाठी ‘मेटा-क्रेसॉल पर्पल’ नावाचा दर्शक वापरतात. समुद्राच्या पीएचच्या आसपास त्याचे काही रेणू पिवळे असतात, काही जांभळे. पीएच घसरला की पिवळ्यांचा वाटा वाढतो. डोळ्यांनी हे ठरवत नाहीत. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे ठराविक रंगाचा प्रकाश द्रावणातून सोडून किती अडला हे मोजणारं यंत्र, दोन ठिकाणी वाचन घेतं. एक ४३४ नॅनोमीटरला, तिथे पिवळा प्रकार प्रकाश अडवतो. दुसरं ५७८ ला, तिथे जांभळा. या दोन आकड्यांच्या गुणोत्तरातून पीएच निघतो.

गुणोत्तर असल्यामुळे रंगाचा थेंब जरा कमी-जास्त पडला तरी फारसं बिघडत नाही. रोज बफरमध्ये जुळवणी करावी लागत नाही, कारण रंगाचा स्वभाव प्रयोगशाळेत एकदा नीट ठरवला की तो सगळीकडे तोच राहतो. अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातल्या रॉबर्ट बर्न यांच्या गटाने ही पद्धत पक्की केली, आणि १९९३ च्या त्यांच्या शोधनिबंधानंतर ती जगभर रुळली. हजाराव्या भागापर्यंतचा फरक तिच्यात दिसतो.

तरीही गोम निघालीच. बाजारात मिळणारा हा रंग शुद्ध नसतो. त्यातली भेसळ प्रकाश अडवते, आणि कंपनी बदलली की पीएच ०.०१ किंवा त्याहून जास्त सरकू शकतो. म्हणजे पाच वर्षांचा बदल एका डबीत. २०११ च्या सुमारास याच गटाने रंग शुद्ध करून त्याचे गुणधर्म पुन्हा मोजले. शिवाय रंग स्वतःही किंचित आम्ल किंवा अल्क असतो आणि पाण्याचा पीएच हलवतो, त्याचीही वजावट करावी लागते.

बाटली भरल्यानंतर

बोअरवेलचं ताजं पाणी लगेच मोजा आणि तेच तासभर बादलीत ठेवून मोजा, पीएच चढलेला मिळेल. जमिनीखाली त्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. समुद्राच्या नमुन्यालाही हवा लागली की तो बदलतो. आत सूक्ष्मजीव असतील तर ते श्वास घेत राहतात आणि पीएच उतरवतात. म्हणून नमुना काचेच्या बाटलीत, बुडबुडा न येऊ देता, तळापासून भरतात. लगेच मोजायचा नसेल तर मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकतात, म्हणजे आतलं सगळं जिवंत मरतं. हे विष आहे, घरी करायचा उद्योग नाही.

आणि मोजणी खरी हे कशावरून? इथे समुद्र स्वतःच पडताळा देतो. पीएच, पाण्यातला एकूण अजैविक कार्बन, आम्ल पचवण्याची क्षमता म्हणजे अल्कलिनिटी, आणि विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, या चारांपैकी कुठलेही दोन माहीत असले की उरलेले गणिताने काढता येतात. तीन मोजले की तिसरा पहिल्या दोघांची झडती घेतो. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने कार्बन आणि अल्कलिनिटीचं प्रमाण तपासून प्रमाणित केलेल्या समुद्रपाण्याच्या बाटल्या अनेक दशकं जगभर पाठवल्या. गोवा असो की जपान, पासंग एकच.

पण तेव्हा कुणी मोजलं होतं?

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पीएचची पट्टी १९०९ ची, मीटर १९३४ चा, रंगाची भरवशाची पद्धत १९९० च्या दशकातली. मग त्याआधीचं ८.२ आलं कुठून?

कुणीही मोजलेलं नाही, हे सरळ मान्य करायला हवं. १९८० च्या आधीच्या पीएचच्या नोंदी वेगवेगळ्या पट्ट्यांवरच्या आणि वेगवेगळ्या बफरांच्या आहेत. हजाराव्या भागाच्या वादात त्यांना साक्षीला बोलावता येत नाही. जुना आकडा वेगळ्या वाटेने येतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात जुन्या हवेचे बुडबुडे कोंडलेले आहेत. त्यावरून तेव्हाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड कळतो. भर समुद्राचा पृष्ठभाग हवेशी बराचसा समतोल राखून असतो, त्यामुळे हवेवरून पाण्याचा पीएच रसायनशास्त्राने काढता येतो.

हे गणित बरोबर आहे का, याची परीक्षा गेल्या काही दशकांत झाली. हवाईजवळच्या ‘अलोहा’ या ठिकाणी १९८८ पासून शास्त्रज्ञ नियमित जाऊन पाणी तपासत आहेत, बर्म्युडाजवळही तसंच. हवेतल्या वाढीवरून पीएच जितका घसरायला हवा, साधारण तितकाच तो दोन वेगळ्या महासागरांत घसरताना दिसतो.

किनाऱ्यावर तर रोजच एवढा बदलतो

खरं आहे. दिवसा शेवाळ आणि वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात, पीएच चढतो, रात्री उतरतो. प्रवाळांच्या उथळ पाण्यात एका दिवसात ०.२ चा फरक नवा नाही. आपल्या अरबी समुद्रात नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचं पाणी वर येतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त, त्यामुळे पीएचही कमी. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९० च्या दशकापासून नोंदी घेत आली आहे, तिथे दर पावसाळ्यानंतर ऑक्सिजनचं असं ओसरणं दिसतं.

म्हणून मोजणाऱ्यांनी उद्दिष्टंच दोन केली. समुद्राच्या आम्लतेवर लक्ष ठेवणाऱ्या जागतिक जाळ्याने पहिल्याला ‘हवामानाच्या नोंदी’सारखं मानलं: रोजचे, ऋतूंचे चढउतार पाहायचे असतील तर ०.०२ पर्यंतची अनिश्चितता चालेल. दुसरं दीर्घकालीन कल पाहण्यासाठी: तिथे ०.००३. किनाऱ्यावर रोजचा गोंधळ मोठा असल्यामुळे कल दिसायला जास्त वर्षं लागतात, इतकंच.

दुर्गम समुद्रात आता आपोआप खाली-वर जाणारे तरंगक सोडतात. दोन हजार मीटर खोल जायचं, वर येताना मोजायचं, उपग्रहाला कळवायचं. त्यांत काचेऐवजी सिलिकॉन चिपवरचा संवेदक असतो. तोही कालांतराने सरकतो. खोल पाण्याचा पीएच फारसा बदलत नाही, त्यामुळे तिथल्या वाचनावरून त्याची दुरुस्ती करतात.

इतकं मोजून मिळतं काय

अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाचं कालवांचं बीज तयार करणारं केंद्र आहे. २००७-०८ मध्ये तिथली पिल्लं लाखोंनी मरू लागली. आधी जिवाणूवर संशय गेला, गाळण यंत्रणा बसवली, मरतूक थांबेना. मग विद्यापीठातल्या समुद्रशास्त्रज्ञांसोबत पाण्याचं रसायन मोजलं. वाऱ्यामुळे खालचं आम्लाकडे झुकलेलं पाणी वर आलं की कवच धरण्याच्या वयातली पिल्लं जात होती. उपाय साधा निघाला. वनस्पतींनी दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर दुपारी पाणी घ्यायचं, आणि त्यात धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, मोजून टाकायचा.

नाशिकला समुद्र कुठे आहे?

२०१५ मध्ये समुद्राचा पीएच मोजणारं उत्तम उपकरण बनवण्याची जागतिक स्पर्धा झाली, एकूण बक्षीस २० लाख डॉलर. अचूकता आणि परवडणारी किंमत, दोन्ही गटांत पहिली आली मोंटाना राज्यातल्या मिसूला गावची एक छोटी कंपनी. मिसूला डोंगरातलं गाव, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. आपण त्या मानाने समुद्राचे शेजारीच. त्र्यंबकच्या डोंगरांवर पडलेलं पाणी वैतरणेतून अरबी समुद्रात जातं, आणि गोदावरीतून १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरात.

रसायनशास्त्राची पदवी शिकवणाऱ्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुधा असतोच. त्याच्यासोबत दहा सेंटिमीटरची काचकुपी, तापमान दहाव्या अंशापर्यंत स्थिर ठेवणारं पाण्याचं भांडं, मेटा-क्रेसॉल पर्पल आणि ट्रिस बफर लागतो. डहाणू-बोर्डीचं पाणी नीट बंद बाटलीत बर्फात ठेवून त्याच दिवशी आणलं, तर काळजीपूर्वक काम करणारे विद्यार्थी ०.०२ च्या उद्दिष्टाच्या जवळ पोहोचू शकतात. ०.००३ साठी मात्र शुद्ध केलेला रंग हवा, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला त्याच बाटलीतलं पाणी देऊन उत्तर जुळतं का, ते पाहायची तयारी.